मोताळ्याच्या ओसरीत ऑस्ट्रेलियाचे गाडीवान

माझ्या लग्नात कॉलेजच्या प्राध्यापिकाबाईंनी मला एक इंग्रजी पुस्तक दिलं. जाडजूड, पुठ्ठा सुटत आलेलं. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या लेखकांच्या लघुकथा. अमरावतीहून सासरी मोताळ्याला आले, ट्रंक उघडली, तेव्हा लुगड्यांमध्ये ते पाहून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "हे वाचाले आनलं, का कशाखाली ठेवाले?"

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. गावात वीज नव्हती, आणि इंग्रजी वाचणारी सून हा कौतुकाचा कमी आणि चिंतेचा विषय जास्त होता. मी दुपारी माडीवर बसून चोरून नाही, पण हळूच वाचायची.

वाचताना एका शब्दाशी मी अडले. 'बुश'. कोशात अर्थ झुडूप. पण या गोष्टींतली माणसं बुशमध्ये जन्मत होती, बुशमध्ये म्हातारी होत होती. झुडपात कोण म्हातारं होतं? चार-पाच गोष्टी झाल्यावर उमगलं की शहर संपलं की जे काही सुरू होतं ते सगळंच बुश. वाळलेलं गवत, निलगिरीची झाडं, कोरडा नाला, मैलोगणती कोणी नाही. मेंढरं कातरणारे कामगार, पाठीवर कांबळं बांधून काम शोधत चालणारी माणसं, पत्र्याच्या डब्यात उकळलेला चहा. कॉलेजात आम्ही इंग्रजीतून फुलं, धुकं आणि दिवाणखाने शिकलो होतो. इंग्रजीत इतकी धूळ असू शकते हे मला ठाऊकच नव्हतं.

भुईमूग घरी आला तेव्हा शेजारच्या बाया शेंगा फोडायला आमच्या ओसरीत बसू लागल्या. एक दिवस आत्याबाईच म्हणाल्या, "एवढी वाचते, तर आमालेबी सांग काहीतरी." मी पुस्तक घेऊन बसले आणि वाचता वाचता मराठीत सांगू लागले.

पहिली गोष्ट रानातल्या झोपडीत एकटीच राहणाऱ्या बाईची होती. नवरा मेंढरं घेऊन दूर गेलेला, शेजार नाहीच. बायांचे हात थांबले.

"पन तिच्या जोडीले कोनीच काऊन नाही?" एकीनं विचारलं.

"तिथे वस्तीच तशी. लांब लांब."

"मग तिची माय काय करते?" आत्याबाई चिडून म्हणाल्या. "लेकीपाशी दोन म्हयने राह्यले काय होते?"

त्या बाईला मोताळ्याच्या बाजाराला आणावं, असं सर्वानुमते ठरलं आणि आम्ही पुढच्या गोष्टीकडे वळलो.

ती बैलगाडी हाकणाऱ्यांची होती. लोकरीचे गठ्ठे लादून हे गाडीवान बंदराकडे निघायचे. मी सांगितलं, एकेका गाडीला अठरा बैल जुंपायचे.

"किती?"

आवाज दाराआडून आला. माझे सासरे, मामाजी, आत बाजेवर पडलेले होते. त्या काळी सासरे सुनेशी बोलत नसत. आमचे तर कोणाशीच फारसं बोलत नसत. पाणी हवं असलं तरी मी समोर असताना आत्याबाईंना सांगायचे, "तिले म्हन, पानी दे."

मी पदर सावरून म्हणाले, "अठरा."

"एका गाडीले?"

"हो."

आत बाज करकरली. मग, "चाऱ्याचं काय करत असतीन?" आणि मामाजी बाहेर येऊन उंबऱ्यात बसले. तरुणपणी त्यांनी खामगावच्या बाजारापर्यंत कापसाच्या गाड्या हाकल्या होत्या. पुढे ट्रक आले, गाड्या थांबल्या आणि त्या दिवसांचा विषयही कोणी काढला नाही.

गोष्टीतला म्हातारा गाडीवान थाप मारत होता, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. एके उन्हाळ्यात म्हणे इतकं ऊन, की त्याची सावली झाडाखाली जाऊन बसली ती उठेचना. शेवटी तो तिला तिथेच सोडून घरी गेला.

बाया हसल्या. मामाजी हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "सूनबाई, त्यात काय. आमच्या गाडीमागच्या सावल्या नाल्यातच थांबल्या होत्या. सांजच्याले आल्या घरी, पन अंधारात घोटाळा झाला. बैलाची सावली मले लागली. मी चाललो का मांग शेपूट हाले."

एक बाई हसून हसून शेंगांच्या सुपावरच आडवी झाली. आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "लगन होऊन एवढी वर्सं झाली, हा मानूस असा बोलते हे मले आज समजलं!"

दुसऱ्या दिवशी मामाजी धोतर-टोपी घालून सकाळच्या एसटीनं देऊळघाटला गेले. सांगितलं कोणालाच नाही. परतले ते एका ठेंगण्या, मिशाळ म्हाताऱ्याला घेऊन. गाडीवानीतला जोडीदार. भांडण वगैरे काही नव्हतं. गाड्या बंद झाल्या तसं भेटणंही राहून गेलं होतं.

"सूनबाई, ते अठरा बैलवालं याले सांगा," मामाजी म्हणाले. मी सांगितलं. मामाजींनी आपली सावलीची गोष्टही जोडली. पाहुणा ताडकन उठला.

"अबे, तो बैल माहा होता! शेपूट तुले लागलं, मंग माह्या बैलानं बिनसावलीचं काय करावं?"

"त्याचं त्यानं पाह्यलं असन," मामाजी शांतपणे म्हणाले.

त्यानंतर पाहुणा दर बाजाराच्या दिवशी येऊ लागला. दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसत. पावसाअभावी गुरं मेल्याची गोष्ट वाचली तेव्हा पाहुण्यानं नुसता मामाजींपुढे पानाचा डबा सरकवला. दोन वाटसरू एकच कांबळं वाटून घेतात ती गोष्ट मात्र त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली.

पुस्तक संपलं. "आता?" पाहुण्यानं विचारलं. मी म्हणाले, आता तुम्ही सांगा. दोघं आढेवेढे घेत सुरू झाले आणि मग थांबेनात. एक सांगे, दुसरा खोडून काढी. शेंगा केव्हाच फोडून झाल्या होत्या, पण बाया येतच राहिल्या. कोणी तूर निवडायला आणी, कोणी वाती वळायला. चहाचं आधण दुप्पट ठेवावं लागे, आणि आत्याबाई त्यावरून एकदाही कुरकुरल्या नाहीत.