कंटेनरवरची चार अक्षरं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सात वर्षं टाळलं. सांगायला बसलो की आधी स्वतःचीच बाजू सुचायची, मग उठून जायचो. आज उठायचं नाही असं ठरवलं आहे.

गोष्ट तशी खेळाची. हसू येईल तुम्हाला. जुईनगरच्या आमच्या सोसायटीत म्हाताऱ्यांचा कट्टा आहे. सकाळी फिरून येताना हायवेवर जो पहिला कंटेनर दिसेल, त्याच्यावरची चार अक्षरं पाटील टिपून आणायचे आणि गेटजवळच्या फळ्यावर खडूने लिहायचे. ती चारही अक्षरं ज्यात येतात असा लांबात लांब इंग्रजी शब्द संध्याकाळपर्यंत शोधायचा. डिक्शनरी नाही, फोन नाही, फक्त डोकं. कंटेनरच्या कोडमध्ये चौथं अक्षर बहुतेक यूच असतं, हे मीच त्यांना सांगितलं होतं. न्हावा शेवा बंदरात कस्टम एजंटच्या ऑफिसात माझी हयात कागद टाइप करण्यात गेली. त्यामुळे कट्ट्यावर मी 'साहेब'. पाटील इथल्याच खाडीकाठच्या गावचे, ते म्हणायचे, "साहेबांच्या पोटान डिक्शनरी हाय."

पोटात नव्हती, खिशात होती. अक्षरं टाकली की शब्दांची यादी देणारी एक वेबसाइट मला सापडली होती. संडासात जाऊन बघायचो, कडी लावून — माझ्याच घरात. सगळ्यात लांब शब्द घ्यायचो नाही, तिसरा-चौथा घ्यायचो. म्हणजे संशय नको.

एवढंच असतं तर लिहायला बसलो नसतो.

बी विंगेत जाधव राहायला आले होते. साताऱ्याकडचे, एपीएमसीच्या फळबाजारात आयुष्यभर माथाडी. मुलाने फ्लॅट घेतला म्हणून आमच्यात. वर्षभर नुसते ऐकत बसायचे. एका संध्याकाळी फळ्यावर आर, एच, एल, यू होतं. मी माझा दहा अक्षरांचा शब्द सांगून मोकळा झालो होतो. जाधव खाली बघत म्हणाले, "हॉर्टिकल्चरल चालंल का?"

तेरा अक्षरं. फळांच्या कागदांवर हा शब्द मी किती वेळा टाइप केला असेल. मला आठवला नव्हता.

पाठीवर पेट्या वाहिलेला माणूस, याला हा शब्द कुठून मिळाला? मी करतो तेच हाही करत असणार — दुसरं काही मला सुचलंच नाही. मग नजर ठेवायला लागलो. त्यांच्या खिशात बटणांचा फोन असायचा. तो दाखवण्यापुरता असेल, असं वाटायचं. दुपारी गच्चीवर जातात ते कशाला? सुनेचा जुना फोन घरीच पडलेला असतो, हे मी वॉचमनकडून काढून घेतलं. त्यांचे शब्द कागदावर टिपून ठेवले — फ्युमिगेशन, टेंपरेचर, क्वारंटाइन. फळ्यासमोर ते जरा जास्त वेळ उभे राहिले तरी मला त्यात काहीतरी दिसायचं. चोराच्या डोळ्यांनी बघितलं तर काय दिसणार?

मग एका संध्याकाळी मी 'लुगूब्रियसनेस' म्हणालो. पाटलांनी सहज विचारलं, "याचा अर्थ काय हाय, साहेब?" अर्थ बघायचा राहिला होता. कुणीतरी हसत म्हणालं, "साहेब, फोन दाखवा बरं जरा."

"माझा कशाला?" मी म्हणालो. "जाधवांच्या घरी सुनेचा जुना फोन पडलेला असतो, तो बघा. पेट्या उचलणाऱ्याला हॉर्टिकल्चर कोण शिकवतं?"

सगळे हसले. जाधवांनी मान वर केली. "न्हाई साहेब. मी वाचल्यालं हाय."

"कुठं?" मी विचारलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग बाकावरची टोपी उचलली आणि गेले. पुन्हा कट्ट्यावर आले नाहीत. पाटलांनी दोनदा बोलावलं, तर म्हणाले, गुडघे दुखतात.

तुम्हाला वाटेल, संशयी माणूस, चुकला. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण ते खरं नाही.

त्याच्या चार दिवस आधी मी जाधवांच्या घरी गेलो होतो. सोसायटीच्या अर्जावर सही हवी, हे निमित्त. फोन कुठे असतो ते बघायचं होतं. त्यांनी चहा केला. आणि कपाटातून एक जाड वही काढली. परदेशी सफरचंदांच्या खोक्यांवरचे छापील तुकडे — कापून, पानापानावर खळीने चिकटवलेले. खाली पेन्सिलीने मराठीत उच्चार. "पेटी पाठीवर घेतली, की फुडच्याच्या पाठीवरची पेटी डोळ्यासमोर यायची," ते म्हणाले. "गाळ्यापर्यंत तीच वाचायची. कट्ट्यावर नगा सांगू, हसत्याल. अर्थ तेवढं बघा, बराबर हाईत का."

मी बघितले. 'हॉर्टिकल्चरल'पुढची जागा कोरी होती. माझ्या पेनाने तिथे मी लिहिलं — 'फळबागांविषयीचा'. माझ्या अक्षरात. ते अजून त्या वहीत असेल.

म्हणजे मी 'कुठं?' विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं. आणि मला माहीत आहे, हे त्यांनाही माहीत होतं. ते माझ्याकडे बघत होते ते राग म्हणून नाही — मी सांगेन म्हणून. मला एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो, कारण ते बोललो असतो तर सगळ्यांच्या नजरा पुन्हा माझ्या फोनकडे वळल्या असत्या. कट्ट्यावर आजही मी साहेबच आहे. जाधवांचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतं, तो फोनवाला ना?

दोन वर्षांनी ते गावी राहायला गेले. टेंपो खाली लागलेला बघून मी जिना उतरलो. तीन मजले एकच वाक्य घोकत होतो. जाधव स्वतःच सामान चढवत होते. मला बघून म्हणाले, "साहेब, ह्यो खोका तेवढा धरा." मी धरला. सफरचंदाचाच होता, आत भांडी. बाजूवर छापलेलं मी वाचलं, आणि मी वाचतोय हे त्यांनी बघितलं. थांबले. खोका हातातून घेण्याची घाई केली नाही.

"सांभाळून जा," मी म्हणालो.

त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. ते वाक्य असं होतं — जाधव, वही मी बघितली होती, आणि तरी तुम्हाला चोर म्हणालो. चोर मी होतो.