काजूची उसळ आणि पन्नाशीची बाटली

बाटलीच्या गळ्यात माझ्या नवऱ्याने दोऱ्याने चिठ्ठी बांधून ठेवली होती: ‘पन्नाशीला उघडणे. सोबत शेवंड, सायीतली कोंबडी, मशरूम किंवा जुनं चीज. तिखट अजिबात नको.’ फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठच्या एका टेकडीवर आम्ही ती घेतली, तेव्हा विकणाऱ्याने बजावलं होतं, की ही वाइन पांढरी असली तरी भारदस्त आहे, उघडायची घाई करू नका. नवऱ्याने घाई केली नाही. पन्नाशीला चार महिने उरले असताना त्याचं हृदय थांबलं.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे नेदरलँड्समधल्या बेस्ट गावी होत्या. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, करोनामुळे विमानं बंद झाली आणि राहिल्या. आता फेब्रुवारीत त्यांना पुढच्या आठवड्याचं तिकीट मिळालं होतं, आणि रविवारी त्याचा पन्नासावा वाढदिवस होता.

“ती बाटली काढ,” त्या म्हणाल्या.

“पुढच्या वर्षी बघू, आई.”

“मी गेले की तू ती उघडणार नाहीस. पुस्तकांमागे दडवशील.”

जागासुद्धा मी हेरून ठेवली होती. त्याने आणलेलं बाकी सगळं संपलं होतं. त्याचा शाम्पूसुद्धा मी थेंबाथेंबाने पुरवला होता. बाटली उघडली, की ती संपणार. आणि आंबलेली निघाली तर त्याहून वाईट.

मी चिठ्ठी वाचून दाखवली.

“शेवंड? माझ्या स्वयंपाकघरात?”

स्वयंपाकघर माझं होतं, पण ते बोलून दाखवणं मी वर्षभरापूर्वी सोडलं होतं. मी वाइनवरची दोन पुस्तकं घेऊन बसले आणि मोठ्याने वाचू लागले. अशा जड वाइनला स्निग्ध, मऊ, किंचित गोडसर जेवण लागतं. लोणी, साय, बदाम चालतात. तिखटाबरोबर ती जीभ जाळते.

“म्हणजे नारळाच्या दुधातली काजूची उसळ,” त्या म्हणाल्या. “एवढ्यासाठी दोन पुस्तकं लागली?”

त्या दिवसांत घरी एकाच पाहुण्याची परवानगी होती. रविवारी शेजारच्या डच आजोबांनी कुंपणापलीकडून विचारलं, येऊ का?

“त्यांना सांग, एकच पाहुणा चालतो आणि आज तो ठरलेला आहे.”

मी पहिलाच भाग भाषांतरित केला. आजोबांनी मान डोलावली आणि जुन्या चीजचा तुकडा कुंपणावरून दिला.

सासूबाईंनी पहिलं पान त्याच्या फोटोपुढे वाढलं. मी शेजारी पेला ठेवू की नको, असं करत उभी होते.

“ठेव. तो काही सोवळ्यात नव्हता.”

पांढरी वाइन गार हवी, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून बाटली सकाळपासून बागेतल्या सायकलींच्या खोलीत ठेवली होती. बाहेर बर्फ होतं. बूच काढलं, ओतली, घोट घेतला. वास नाही, चव नाही. नळाचं पाणी बरं.

“गेली,” मी म्हटलं आणि खुर्चीत बसले.

“काय गेलं?”

“चव. इतकी वर्षं त्याने जपली आणि मी नासवली.”

त्यांनी बाटलीला हात लावून पाहिला. “अगं, ही गारठलीये. थिजलेल्या तुपाला कधी वास येतो का?”

त्यांनी पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि तुपाचं भांडं ठेवावं तशी बाटली त्यात उभी केली. असं कुठल्याच पुस्तकात नाही, असं मी सांगून पाहिलं.

“मग लिहून घे.”

वीस मिनिटांनी पुन्हा ओतली. आधी जर्दाळूचा वास आला, मग मधाचा, आणि घोट गिळल्यावर भाजलेल्या बदामांची चव मागे राहिली. त्यावर उसळीचा घास घेतला. लगेच दुसरा घेतला. सासूबाईंनी पेला नाकाशी नेला, बराच वेळ धरला आणि न पिता परत दिला.

“नाक चांगलं होतं त्याचं,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी एक पेला कुंपणापलीकडे पाठवला आणि उसळीकडे वळल्या. डब्यातल्या नारळाच्या दुधाने ती बिघडली होती, ताजा नारळ हवा होता. मी म्हटलं, फेब्रुवारीत बेस्टला ताजा नारळ कोण देणार? त्या म्हणाल्या, आइंदहोवनच्या सुरिनामी दुकानात मिळतो, तुला जायचा कंटाळा. मी म्हटलं, तो आतून कुजका निघतो. खवट आणि कुजका यांत फरक असतो, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. संध्याकाळ होत आली. मी पेला भरायला बाटली उचलली, तर ती हलकी लागली. शेवटचा घोट कधी घेतला, ते काही आठवेना, आणि सासूबाई अजून नारळावरच होत्या.