दवाखान्यात मी ठोकलेलं भाषण

तोंडातला घोट आधी गिळा, मग ऐका. भर दवाखान्यात मी स्वतःची जी शोभा करून घेतली, ती ऐकताना ठसका लागतो, असा अनुभव आहे.

माझी बायको सुनंदा शाळेत शिकवते. पाळीत तिचं पोट इतकं दुखायचं की भिंतीला कपाळ टेकून उभी राहायची. सात वर्षं लोक म्हणाले, कामं टाळायची निमित्तं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तपासून नाव सांगितलं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं म्हणे. त्यांनी गोळ्या दिल्या आणि जोडीला आहाराच्या सल्ल्यासाठी त्यांच्याच दवाखान्यातल्या हेतलबेनकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी हेतलबेनचा मला फोन. मी सुरतच्या बमरोलीला कारखान्यात, आजूबाजूला चाळीस माग खडखडतायत. ऐकू काय येणार? एवढंच आलं, "बेन... आळशी... रोजनी आदत..."

माझं डोकंच फिरलं. आता गुजरातीत आळशाला 'आळसु' म्हणतात, हे बावीस वर्षं सुरतेत काढलेल्या माणसाला कळू नये? पण मला वाटलं, मला नीट झोंबावं म्हणून बाई मुद्दाम मराठीत बोलली.

गाडी काढली, थेट दवाखाना. बाहेर सात-आठ बायका बसलेल्या. दार उघडंच होतं. मी दारातच सुरू झालो.

"माझ्या बायकोला आळशी म्हणता? अहो, पाचला उठते ती. पाणी भरते, दोन डबे करते, शाळेत जाते, येऊन भाकऱ्या थापते, माझ्या आईचे पाय चेपते. पोट धरून करते, पण करते. दुखणं सोसणाऱ्या बाईला आळशी म्हणणं फार सोपं असतं."

बायका माना डोलवायला लागल्या. एकीने तर डोळ्याला पदर लावला. मला आणखी चेव आला.

हेतलबेनने शांतपणे खणातून बरणी काढली. आत तपकिरी, चकचकीत दाणे.

"भाई, अळसी. तुमच्यात जवस म्हणतात ने? भाजून, कुटून रोज एक चमची. एनाथी, म्हणजे त्यानं, रोग जात नाही हं, गोळ्या चालूच ठेवायच्या. पण खाणं सांभाळलं तर कोणाकोणाला थोडं बरं वाटतं."

जवस. मी खानदेशातला माणूस, जवसाच्या चटणीवर वाढलेलो.

"अच्छा, जवस," असं पुटपुटत मी मागच्या मागे सरकू लागलो. तेवढ्यात बाकावरच्या एका आजींनी माझी बाही धरली.

"थांब रे भाऊ. ती पाणी भरते, डबे करते, भाकऱ्या करते. पोट दुखत असताना. मंग तू काय करस?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"मी... पाण्याच्या मोटरचं बटण दाबतो."

कोणी हसलंसुद्धा नाही. हेतलबेनने सुनंदाचा कागद बाजूला ठेवला, नवा कोरा कागद ओढला, वर माझं नाव घातलं आणि पहिली ओळ लिहिली, 'रोज पाचला उठायचं.'