शेवटच्या श वरची मात्रा

बोलण्याआधी अक्का डावा तळहात डाव्या कानावर ठेवायच्या, घसा खाकरायच्या आणि म्हणायच्या, "लक्ष द्या." त्यानंतर जे काही सांगायचं ते. ते काहीही असू शके. "लक्ष द्या, दूध नासलेलं आहे." "लक्ष द्या, मी जरा डोळे मिटते आहे." पहिल्या दिवशी मला वाटलं बाईंचा कान ठणकतोय. मी आपला लसूण कढवलेल्या तेलाचा उपाय सांगून मोकळा झालो.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी सुटते, पण अंगातून जात नाही. निवृत्त मास्तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा पानांची रांग सरळ करत फिरतात. अक्का एसटीत होत्या. धुळ्याकडच्या एका तालुक्याच्या स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत बसून माईकवरून गाड्या पुकारायच्या. समोर गाड्यांची घरघर, भेळवाल्यांची आरडाओरड, त्यात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून कानावर हात. तो हात पुढे शांत खोलीतही तसाच राहिला.

आमची गाठ पडली ती एका टीव्ही चॅनलमुळे. जळगावात माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान. रावेरकडचे एक केळीवाले भाऊ एकदा दुकानात आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "केबलवर आपलं चॅनल काढतोय. नाव ठरलंय, 'घरचा खान्देश'. तू लोगो कर." भाऊ तसे हौशी, पण लुच्चे अजिबात नाहीत. गावोगावच्या बातम्या, बाजारभाव, भजनं, असं साधं चॅनल त्यांना हवं होतं. बातम्या वाचायला आणि ऑफिस सांभाळायला त्यांनी अक्कांना आणलं होतं. अक्का तेव्हा नुकत्या निवृत्त होऊन जळगावात एकट्या राहत होत्या. यजमान आधीच गेलेले, मुलगी धुळ्याला दिलेली.

तर लोगो. लोकांना वाटतं लोगो म्हणजे काय, बसल्या जागी एक चित्र काढायचं. करून बघा एकदा. टीव्हीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जेमतेम अंगठ्याएवढी जागा, आणि भाऊंना त्यात अख्खा खान्देश हवा. मी आधी केळीचा घड केला. लहान करून कोपऱ्यात ठेवला तर पंजा दिसायला लागला. भाऊ म्हणाले, "लोक विचारतील कुठल्या पक्षाचं चॅनल." मग कापसाचं बोंड केलं. त्याच्या लाह्या झाल्या. सातपुड्याचे डोंगर केले, ते करवतीच्या दातांसारखे दिसले.

अक्का प्रत्येक वेळी उठून थेट दाराशी जायच्या, चष्मा काढायच्या आणि डोळे बारीक करून स्क्रीनकडे पाहायच्या.

"लक्ष द्या. दिसत नाही."

"अक्का, चष्मा काढल्यावर तुम्हाला मीसुद्धा दिसत नाही," मी वैतागून म्हणालो.

"तू दिसत नाहीस. पण तू आहेस, हे कळतं ना? तसा पाहिजे लोगो."

मी कॉम्प्युटर बंद करून चहा मागवला.

त्या चहावर अक्कांनी मला स्टँडवरच्या दोन गोष्टी सांगितल्या. पहिली पाटीची. फलाटाला लागलेल्या गाडीची पाटी बदलायची नाही, हा त्यांचा नियम होता. एकदा गाडी बिघडली म्हणून आयत्या वेळी दोन गाड्यांच्या पाट्यांची अदलाबदल झाली. अक्कांनी माईकवरून तसं पुकारलंही. पण एक म्हातारी आधीच विचारून, पाटी बघून, गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. ती भलत्याच गावाला जाऊन पोचली. संध्याकाळी परत आली आणि चौकशीच्या खिडकीसमोर नुसती उभी राहिली.

"भांडली असती तर बरं झालं असतं," अक्का म्हणाल्या. "नुसती पाहत होती. एकदा पाटी वाचून माणूस बसला ना, की त्याचं गाव ठरतं."

दुसरी गोष्ट त्यांनी हसत सांगितली. स्टँडवर नोकरीला लागल्यापासून त्या माईकवर शुद्ध बोलायच्या. घरी अहिराणी, माईकवर 'आलेली आहे', 'लागलेली आहे'. एका दुपारी घरून धाकट्या भावाला मुलगा झाल्याचा निरोप आला, त्या आनंदात त्यांनी माईक चालू केला आणि बोलून गेल्या, "साक्री गाडी फलाट क्रमांक तीनवर लागेल शे." 'लागलेली आहे'च्या जागी घरचं 'लागेल शे'.

स्टँडभर हसणं पसरलं. अक्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक भाजीवाली खिडकीशी आली आणि आत डोकावून म्हणाली, "कोनता गावनी शे व माय तू?"

"इतकी वर्षं मी बोलत होते," अक्का म्हणाल्या, "आणि माझं गाव त्या दिवशी पहिल्यांदा कोणी विचारलं."

एवढं बोलून त्या उठल्या, माझ्या टेबलावरचा केशरी स्केचपेन उचलला. कागदावर मी 'खान्देश' असं जाड अक्षरात लिहून ठेवलेलं होतं. अक्कांनी शेवटच्या श वर एक मात्रा ओढली. खान्देशे.

"आते बोलस तो," त्या म्हणाल्या. आता बोलतो तो.

मी पाहतच राहिलो. आपला 'श' नावाच्या शेवटी मुकाट उभा होता, त्याला एक तिरकी रेघ दिली तर खान्देश स्वतःच सांगायला लागला की मी आहे. मी केळी, कापूस, डोंगर सगळं गुंडाळून ठेवलं. अक्षरं गडद निळी, मात्रा केशरी. दारातून, चष्मा काढूनसुद्धा, ती केशरी रेघ दिसत होती.

भाऊंनी मात्र कपाळाला हात लावला. "लोक म्हणतील शुद्धलेखन येत नाही यांना. आणि अक्का, आमच्या रावेरकडे कोण म्हणतं हो 'शे'? आमची बोली वेगळी. मी माझ्याच लोकांना काय सांगू?"

ते खरंच होतं. खान्देश म्हणताना आपण एक शब्द म्हणतो, पण त्यात दर वीस कोसांवर 'आहे' बदलतं. अक्कांनी कानावर हात न ठेवता, हळूच विचारलं, "भाऊ, तुमनी माय काय म्हने?"

भाऊंच्या आई अमळनेरकडच्या होत्या, हे अक्कांना कुठून कळलं होतं कोण जाणे. भाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणाले, "शे म्हणायची. आमच्या घरात सगळे हसायचे तिला. शेवटपर्यंत शेच म्हणायची." मग माझ्याकडे वळून, जरा तिरसटपणे, "राहू दे ती मात्रा. कर पुढचं."

पुढचं म्हणजे आवाज. पडद्यावर नाव उमटणार, वरून केशरी मात्रा येऊन श वर बसणार आणि त्या क्षणी अक्का म्हणणार, "घरचा खान्देश शे." एवढंच. आणि इथे सगळं अडलं. माईक चालू झाला की अक्कांचा हात कानावर जायचा आणि तोंडातून यायचं, "घरचा खान्देश आहे." पुन्हा. "आहे." पुन्हा. "आहे." हात धरून ठेवला तरी 'आहे'. आम्ही हसून हसून बेजार झालो. त्याही हसल्या, पण मग डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"माले नही जमस," त्या म्हणाल्या. "माईक दिसला की जीभ वळतच नाही. काय करून घेतलं हो मी हे?"

मग भाऊ उठले. माईक तसाच चालू ठेवून ते अक्कांच्या समोर पाट ओढून बसले आणि त्यांनी एकदम, बहुधा आपल्या आईच्या चालीवर, विचारलं, "काय व माय, खान्देश कथा शे?" कुठे आहे खान्देश?

अक्का चमकल्या. म्हणाल्या, "आठेच शे ना, भाऊ." इथेच आहे ना.

ते रेकॉर्ड झालं. पुन्हा घ्यायची गरजच पडली नाही. मी ते ऐकत असताना अक्का मागे उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "परत लाव." मग आणखी एकदा, "परत लाव ना रे." स्वतःचाच आवाज त्या एखाद्या पाहुणीचा ऐकावा तसा ऐकत होत्या.

मात्रा वरून येऊन बसते, ते हलतं चित्र बनवायचं काम आमच्याकडे होणारं नव्हतं. भाऊंनी ते बाहेरच्या एका ग्रुपला दिलं. हुशार पोरं होती, काम देखणं केलं. उद्घाटनाच्या सकाळी त्यांची फाइल आली आणि सोबत निरोप आला की नावात शेवटी एक चुकीची मात्रा होती ती काढली आहे, आणि शेवटी एक जास्तीचं वाक्य राहिलं होतं तेही कापलं आहे. भाऊ तेव्हा मंडपवाल्याशी हुज्जत घालत होते. त्यांनी 'चूक दुरुस्त केली' एवढंच वाचलं, अंगठा पाठवला आणि खिशात फोन टाकला.

हॉल भरलेला. बटण दाबलं, पडदा उजळला, निळी अक्षरं झळाळत आली आणि थांबली. खान्देश. वर काही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भाऊंकडे पाहिलं, भाऊ अक्कांकडे. अक्का बाजूला माईकशी उभ्या होत्या. त्या श कडे बघत राहिल्या, मात्रा उशिरा येत असेल, गाडी उशिरा येते तशी, असं वाटलं असेल त्यांना. मग हात कानावर गेला.

"लक्ष द्या. 'घरचा खान्देश' ही वाहिनी सुरू झालेली आहे."

संध्याकाळी भाऊ अगदी शरमून म्हणाले, "अक्का, उद्याच बदलून घेतो."

"नको," अक्का म्हणाल्या. "गाडी फलाटाला लागली, भाऊ. लोकांनी पाटी वाचली. आता बदलायची नाही."

"अहो, ही काय एसटी आहे का?" माझा तोल गेला. "तुमचंच होतं ना ते?"

"माझं होतं म्हणून तर सांगते. उद्या वेगळं दिसलं तर लोक म्हणतील हे कुठलं आलं. ती म्हातारी मला अजून दिसते रे."

मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. भाऊंना त्यांचं म्हणणं पटलं, कारण पटणं सोयीचं होतं. नाव रंगवलेली गाडी आली, कार्डं आली, माईकवरचे ठोकळे आले, सगळ्यांवर मुका श. चॅनल बरं चाललं. जामनेरच्या बाजारापासून धुळ्यापर्यंत लोक बघायला लागले. अक्का बातम्या वाचायच्या, स्वच्छ, एकही अक्षर न चुकता, आणि प्रत्येक बातमी 'आहे'वर संपायची. 'शे' त्या माईकवर पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. मला वाईट वाटतं ते याचं. एका बाईचा जन्म जिभेला वळण लावण्यात गेला, एकदा ती सुटली, आणि तेवढंच नेमकं जास्तीचं म्हणून कापलं गेलं.

पुढे गुडघे गेले आणि मुलीनं त्यांना धुळ्याला नेलं. फोन करायच्या. पलीकडे खाकरणं ऐकू आलं की समजायचं, हात कानावर गेला. "लक्ष द्या, कालच्या बातम्यांत नशिराबादचं नाव चुकीचं लिहिलं होतं." चॅनल रोज बघत होत्या म्हणजे. लोगोबद्दल मात्र अवाक्षर नाही. मला वाटलं विसरल्या. म्हातारी माणसं विसरतात, बरं असतं ते.

या उन्हाळ्यात त्या गेल्या. मी आणि भाऊ धुळ्याला भेटायला गेलो. अक्कांची खोली, पलंग, पलंगासमोर टीव्ही. ताई, म्हणजे त्यांची मुलगी, ओला फडका घेऊन खोली आवरत होत्या. टीव्ही पुसता पुसता वरच्या डाव्या कोपऱ्याशी त्यांचा हात थांबला.

"हे बघा ना," त्या म्हणाल्या. "आईनं इथे काय चिकटवलंय. पुसायला गेलं की ओरडायची, हात लावू नको म्हणून. आम्ही कुठलंही चॅनल लावलं तरी हे आपलं मध्येच."

काचेवर केशरी रेडियमची एक बारीक तिरकी पट्टी होती. गाडीच्या मागे लावतात ना, त्या रेडियमची. कात्रीनं कापलेली, एका टोकाला जाड, एका टोकाला निमुळती. भाऊ माझ्याकडे बघायला लागले.

"ताई, आपलं चॅनल लावा बरं," मी म्हणालो.

त्यांनी लावलं. कोपऱ्यात निळी अक्षरं आली आणि नेमकी त्या पट्टीखाली येऊन बसली. भाऊंनी चष्मा काढला, परत घातला आणि मग काढूनच ठेवला.

"डाग आहे का हो कसला?" ताईंनी विचारलं. "काढून टाकू?"

मी जळगावात वाढलेला, शाळेपासून आहे-नाही बोलणारा माणूस. 'मात्रा आहे' म्हणायलाच मी तोंड उघडलं होतं.

"मात्रा शे ती," मी म्हणालो.

ताईंनी फडका खाली ठेवला.