पहिल्या दिवसाचा मान

रमजानचे बारा रोजे झाले की कलसोमच्या अंगणात कोळसे पेटायचे, आणि परित पांजांगच्या सगळ्या वस्तीला कळायचं की सोमचे बाहुलू सुरू झाले.

बाहुलू, म्हणजे अंड्याचे छोटे केक, करणं काही अवघड नाही, असं ती स्वतःच सांगायची. एक वाडगा अंडी, एक वाडगा साखर, एक वाडगा मैदा. संपलं. मात्र अंडी फेटताना हात बदलला तरी दिशा बदलायची नाही, आणि पितळी साच्याच्या खाली जेवढा विस्तव तेवढाच झाकणावर हवा. खालचा चढला तर बूड करपतं, वरचा चढला तर टाळू. रोजा असल्यामुळे चव घ्यायची सोय नसते. वासावर भागवायचं. कलसोमचं नाक चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

यंदा कोळशांना वारा घालायला तिचा नवरा इद्रिस नव्हता. गेल्या रमजानच्या सत्ताविसाव्या रोज्याला, पहाटेचं जेवून, हात धुऊन तो ओसरीवर जरा टेकला तो उठलाच नाही. असं मरण भाग्यवंतालाच येतं, असं मशिदीतले सगळे म्हणाले. कलसोमही तेच म्हणायची. अल्लाने दिलेल्याला नाव ठेवू नये. पण विझत आलेले कोळसे पुठ्ठ्याने एकटीने हलवताना तिच्या मनात येई, की भाग्य त्याचं, त्यात आपलं काय?

"अगं सोम, अंडी किती फोडतेस!" शेजारची बीदा कुंपणावर कोपर टेकून म्हणाली. "कोंबड्या फिर्याद करतील एक दिवस."

"करू देत. यंदा मुलगा नि मुलगी दोघंही येतायत."

"फोन आला का?"

"फोन कशाला यायला हवा? यंदा मान माझा."

बीदा पुढे काही बोलली नाही. बीदा गप्प बसली म्हणजे तिच्या पोटात काहीतरी आहे असं समजावं. पण कलसोमचं लक्ष साच्याकडे होतं.

लग्न झालं की ईद वाटली जाते. एक वर्ष मुलाच्या घरी, एक वर्ष सुनेच्या माहेरी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणी कुठेही जावं, मोजला जातो तो पहिला दिवस. नमाज झाली की आईबापाच्या हातावर कपाळ टेकून वर्षभरातल्या चुकांची माफी मागायची, मग कबरींवर जाऊन यायचं, मग खायला बसायचं. ज्या घरात हा दिवस, त्या घरात ईद. बाकीच्या घरी नुसती भेट.

धाकट्या मुलीचं, मसलिनाचं, लग्न ठरलं तेव्हा कलसोमने बोलणी सुरू केली ती इथूनच. मेहेरची रक्कम नंतर, आधी ईद. "माझ्या मुलाचं वर्ष आणि मुलीचं वर्ष एकच असू द्या," तिने व्याह्यांना सांगितलं. "दरवर्षी अर्धं अर्धं घर मला नको. एक वर्ष भरलेलं, एक वर्ष रिकामं." व्याही कबूल झाले. घरी आल्यावर इद्रिस म्हणाला, "सोम, रिकामं वर्ष फार रिकामं जाईल हं." ती हसून म्हणाली होती, "आपण दोघं आहोत की."

त्या हिशेबाने गेलं वर्ष रिकामं जायचं होतं. इद्रिस गेला म्हणून दोघंही धावत आली, तिसऱ्याच दिवशी ईद उजाडली आणि ती मुलं इथेच राहिली. यंदाचं वर्ष भरलेलं. कलसोमच्या मनात याबद्दल शंका अशी नव्हतीच. तिने बाहुलू केले, अननसाचा मुरांबा भरून छोट्या पुऱ्यांएवढी बिस्किटं केली, शेंगदाणे आणि वाळवलेली बारीक मासळी घालून तांदळाच्या पिठाच्या कुरकुरीत पापड्या तळल्या. लाल झाकणाच्या बरण्या फडताळात उभ्या राहिल्या. नुसत्या बाहुलूंच्याच अकरा.

अठराव्या रोज्याला रविवार आला, आणि थोरला रिदवान बायकोला आणि पोरीला घेऊन क्वालालंपूरहून रोजा सोडायला आला. नदीरा गुणी सून होती. आल्या आल्या ओढणी खोचून तिने मासे साफ करायला घेतले. अजान झाली, खजूर झाला, भात वाढला गेला. रिदवान फडताळाकडे बघून आईला म्हणाला, "माक, बाहुलूच्या किती बरण्या झाल्या?"

"अकरा."

"मग पाच आम्हाला देशील? नदीराच्या माकला तुझे बाहुलू फार आवडतात. पहिल्या दिवशी पाहुण्यांपुढे ठेवायला..."

कलसोम माशाचा काटा ताटलीच्या कडेला ठेवत होती. "पहिल्या दिवशी? कुठल्या पाहुण्यांपुढे?"

"त्रंगानूला. यंदा तिकडचं वर्ष ना."

"तिकडचं गेलं वर्ष होतं."

"हो, पण गेल्या वर्षी आम्ही इथेच होतो की, माक. पहिला दिवस इथेच झाला."

"तू ईदला आला होतास होय रे?" कलसोमचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बापाला माती द्यायला आला होतास. नवा कपडा कोणी घातला होता त्या दिवशी? माझ्या बरण्या कोणी उघडल्या? आबाच्या नावाने दुवा म्हणायला आलेल्या लोकांनी उघडल्या. तो दिवस तू माझ्या नावावर लावतोस?"

"तसं नाही गं, माक."

"तसंच आहे. नवरा गेला, तोच माझा सण. असं म्हण ना."

रिदवान भाताकडे बघत राहिला. पोर एकदा आजीकडे, एकदा बापाकडे पाहत होती. तिच्या हातात पापडी देऊन नदीराने तिला ओसरीवर पाठवलं आणि मग म्हणाली, "माक, मी बोलू का? राग मानू नका."

"बोल बाई. वर्ष तुझंच आहे."

"माझे बाबा गेले तेही असेच. ईदच्या दोन दिवस आधी. पाच वर्षं झाली. ते वर्ष तुमचं होतं. पण आम्ही तिकडे गेलो आणि ईद तिकडेच झाली. पुढच्या वर्षी मी तुम्हाला फोन केला होता. माझी माक एकटी आहे, मला भाऊबहीण कोणी नाही, बाबांशिवायची तिची पहिलीच ईद आहे, तेवढं एक वर्ष जाऊ का, म्हणून विचारलं होतं."

कलसोमला सगळं आठवलं. तिने नारळ खोवायला घेतला होता. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला. इद्रिस समोर बसून नको नको अशी मान हलवत होता. आणि ती म्हणाली होती, "मरण काय नि सण काय, पोरी, दिवस तर तिकडेच गेला ना? मग झालं. यंदा इकडे. नियम म्हणजे नियम, नाहीतर भांडणं होतात." वर असंही म्हणाली होती की तुझ्या माकला बाहुलू पाठवते. पाठवलेही होते. तीन बरण्या.

"मी बोलायला नको होतं," नदीरा म्हणाली.

"बोललीस ते बरं केलंस," कलसोम म्हणाली, आणि ताटल्या उचलायला लागली. कोणाचं जेवून झालं, कोणाचं नाही, तेही तिने पाहिलं नाही.

रिदवान मागोमाग मोरीपाशी आला. "माक, तू चल ना आमच्याबरोबर त्रंगानूला. गाडीत जागा आहे."

"आणि पहिल्या दिवशी घराला कुलूप लावू? लोक सलाम करून पायऱ्यांवरून परत जातील. तुझ्या आबाच्या कबरीवर गुलाबपाणी कोण शिंपडेल? बीदा?"

निघताना तिने पाच बरण्या आपल्या हाताने गाडीत ठेवल्या. झाकणांना चिकटपट्टी लावली, मध्ये जुनी वर्तमानपत्रं कोंबली. सुनेने वाकून हात चुंबला तेव्हा सवयीप्रमाणे आशीर्वाद तोंडातून आला, मनातून किती आला हे तिचं तिला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मसलिनाचा फोन. "माक, दादाने सांगितलं मला. म्हणजे मग आम्हीही सासरी जोहोरला, नाही का? तूच दोघांचं वर्ष एक करून दिलंयस. माझ्या सासूबाईंना मी आता काय सांगू?"

"काही सांगू नकोस."

"रागावलीस?"

"रोजा आहे गं माझा. रागवायला मनाई आहे."

"आम्ही तिसऱ्या दिवशी नक्की येतो. दादाही तिसऱ्या दिवशीच येणार आहे. तेव्हा करू ना मोठी ईद!"

"या," कलसोम म्हणाली.

त्यानंतर अंगणात कोळसे पेटले नाहीत. बीदाने दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी कुंपणाशी आली. "काय गं, अंडी संपली की कोळसे?"

"हौस संपली."

कलसोमने सगळं सांगितलं, चार वर्षांपूर्वीच्या फोनसकट. बीदाने ऐकून घेतलं. मग उसासा टाकून म्हणाली, "मला वाटलंच होतं. माझ्या घरीही झालंय हे. मढं असो की मांडव, दिवस धरला जातो. पण तू भांड गं. पहिली ईद आहे तुझी. मी साक्ष देते तुझ्या बाजूने."

"माझ्या विरुद्ध साक्षीदार मीच आहे, बीदा. कोणापुढे भांडू?"

रोज नमाज झाल्यावर कलसोम इद्रिससाठी दुवा मागायची, मग मुलांसाठी. त्या आठवड्यात तिसरं एक नाव जिभेवर यायला लागलं, नदीराच्या आईचं, हसनाचं. यायचं आणि अडायचं. आपण तिच्यासाठी काय मागणार, आणि कोणत्या तोंडाने? चार वर्षांत दोघी किती वेळा भेटल्या होत्या, एकमेकींच्या गालाला गाल लावले होते, दर ईदला फोनवर माफीची देवाणघेवाण केली होती. दिसलेल्या आणि न दिसलेल्या सगळ्या चुकांची माफी असावी, हे वाक्य सगळेच म्हणतात. चूक कोणती ते कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही. त्यामुळे ते म्हणणं फार सोपं जातं.

ईदच्या सकाळी ती एकटी मशिदीत गेली, एकटी कबरीवर गेली. आजूबाजूच्या कबरींपाशी घरंच्या घरं जमली होती, एकाच रंगाच्या नव्या कापडात. कलसोमने गेल्या वर्षी शिवलेला आणि न घातलेला जांभळा पोशाख घातला होता. गुलाबपाणी शिंपडलं, कुराणातलं यासीन वाचलं. इद्रिसला म्हणण्यासारखं काही सुचलं नाही. त्याने तेव्हा मान हलवून सांगितलंच होतं.

घरी येऊन बसते तोच फोन वाजला. पडद्यावर सगळी दाटीवाटीने बसली होती. रिदवानने पडद्याला कपाळ लावलं, म्हणून क्षणभर सगळं काळं झालं. पोरीने आजीला "ओपा, बघ!" म्हणून आपली नवी ओढणी दाखवली. मागे टेबल, टेबलावर चिनी मातीच्या वाडग्यात तिचे बाहुलू, आणि कोणाचे तरी हात येऊन ते उचलत होते.

"तुझ्या माकला फोन दे," ती नदीराला म्हणाली.

हसनाचा गोल, हसरा चेहरा आला. "विहीणबाई! दिसलेल्या न दिसलेल्या चुकांची माफी असू द्या हो. बाहुलू काय हलके झालेत! इथे सगळे विचारतायत कुठल्या दुकानातले."

"माफी मला मागायचीय."

"तुमचं-आमचं शून्य-शून्य. झालं!"

"शून्य नाही," कलसोम म्हणाली. "मी नेमकी एक चूक म्हणतेय. तुमचे यजमान गेले, त्याच्या पुढच्या वर्षीची ईद."

हसनाचं हसू जागच्या जागी राहिलं. मग पडदा हलला, जमीन दिसली, दार दिसलं, लोकांचा गलबला मागे पडला. ती बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली असावी. चेहरा परत आला तेव्हा तो दहा वर्षांनी म्हातारा होता.

"त्या वर्षी मी सात प्रकार केले होते," ती म्हणाली. "नदीरा येणार नाही हे माहीत होतं. तरी केले. दुपारपर्यंत एक माणूस आलं नाही. विधवेच्या घरी पोरं आली असतील, आपण नंतर जाऊ, असं सगळ्यांना वाटलं असेल. मग तुमच्या तीन बरण्या उघडल्या नि बसून खाल्ल्या. रडत नव्हते हो. रागाने खाल्ल्या."

कलसोमची नजर आपल्या फडताळाकडे गेली.

"तुमच्यावर अशी वेळ आली तर मला बरं वाटेल, असं तेव्हापासून वाटायचं."

"मग वाटलं?"

"सकाळी वाटलं थोडं. आजच्या दिवशी खोटं कशाला बोलू? आता नाही वाटत. तुमच्या मागचं रिकामं घर दिसतंय ना मला."

"माफ केलंत का?"

"तोंडाने केलंय. आतून व्हायला वेळ लागेल. पुढच्या ईदला विचारा."

"पुढचं वर्ष माझं आहे," कलसोमच्या तोंडून निघून गेलं.

"हो तर. तुमचंच." हसनाने मान डोलावली. "मुलं तिकडे असतील, मी इथे एकटी. तेव्हा मीच करीन फोन."

खाली पायऱ्यांशी बीदाचा सलाम ऐकू आला. मागोमाग तिच्या सुना, नातवंडं, सगळं घरच आलं होतं. कलसोमने फोन ठेवला, ओढणी सारखी केली आणि उरलेल्या सहा बरण्यांतली एक उचलली. झाकण घट्ट बसलं होतं. दोनदा फिरवून पाहिलं, मग तशीच नेऊन बीदाच्या हातात दिली. "तूच उघड बाई," ती म्हणाली, "आणि बसा सगळे."