जाईची पिवळी पानं

रविवार, मार्चचा शेवटचा आठवडा, सकाळी साडेआठ. हजर: आई (वॉकरसह), मी, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि दूध घ्यायला खाली उतरलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू.

आमच्या तळमजल्याच्या खिडकीजवळून कंपाउंडच्या भिंतीवर चढलेली जाई पिवळी पडली होती. तिच्यावरचे किडे शेजाऱ्यांच्या जास्वंदीवर गेले होते. वेल सुधारा नाहीतर काढा, असं सांगून सेक्रेटरींनी महिन्याची मुदत दिली होती, ती त्या दिवशी संपत होती.

मला वेलीपेक्षा आईची काळजी होती. दोन वर्षांपूर्वी ती पडली. रोज थोडं चाला, असं फिजिओने सांगितलं. माझ्या सांगण्यावरून ती एक पाऊल टाकत नाही. जाईपर्यंत मात्र जाते, पिकलं पान खुडते, पावसाळ्यात कळ्या काढते आणि परत येते. घराबाहेर पडायला तिच्याकडे तेवढं एकच कारण आहे.

मी रबाळ्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. काही बिघडलं की कारणांची यादी करायची आणि एकेक खोडत जायचं, ही सवय. वहीत लिहिलं होतं: किडे, मुंग्या, ऊन, खत, पाणी कमी. कापसासारखे पांढरे किडे जुन्या टूथब्रशने घासून काढले. कडुलिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी दर चार दिवसांनी फवारलं, तेही कामावरून आल्या आल्या, कारण एकदा बसले की उठवत नाही. मुंग्यांसाठी हळद टाकली, मुळाशी शेणखत घातलं. किडे बरेच कमी झाले, पानं पिवळी होतच राहिली. मग 'पाणी कमी'पुढे खूण केली आणि रोज दोन बादल्या घालू लागले. पानांच्या कडा करपल्या. मी तीन बादल्या केल्या.

"मॅडम, मला वरून फार टेन्शन येतं हो," सेक्रेटरी म्हणाले. "लोकांना वाटतं, हे किडे मीच पाळलेत."

"मग तुमच्यावरच फवारू का?" आई म्हणाली.

काकू हसल्या. त्या इथल्या जुन्या गावातल्या. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या माहेरची. पिशवी भिंतीला टेकवून त्या वाकल्या, मुळाशी पांढरट झालेल्या मातीची चिमूट उचलली आणि सरळ जिभेवर ठेवली.

"अहो काकू, औषध मारलंय तिथे!" सेक्रेटरी ओरडले.

काकू थुंकल्या. "औषध कसला, मीठ हाय मीठ! अगो, पानी कुठला घालतेस?"

"बागेच्या नळाचं."

"आनि त्या नळाला येतं कुठून?"

उत्तर सेक्रेटरींनी दिलं. जानेवारीत बागेचा नळ बोअरला जोडला होता. पिण्याचं पाणी झाडांना घालायचं नाही, असा ठरावच झाला होता. त्यावर माझीही सही होती. माझ्या यादीत पाणी किती ते होतं, कुठलं ते नव्हतं.

"आमचा बापूस इथल्या खाऱ्या पान्यातून मीठ पिकवायचा," काकू म्हणाल्या, "आनि त्याच पान्यानं तू जाई भिजवतेस. वर रोज तीन-तीन बादल्या! शिकलेली ना तू?"

मग त्यांनी उपाय सांगितला. वरची माती खरवडून टाकायची, नवी घालायची, गोडं पाणी भरपूर सोडायचं. आणि वेल गुडघ्याएवढी ठेवून बाकी सगळी कापायची. "एवढा पसारा तिला आता पोसवनार नाय."

"आणि फुलं?" आईने विचारलं.

"यंदा नाय, बाय. फुडल्या साली बगू."

आई वॉकर वळवून आत गेली. सेक्रेटरींनी आणखी एक महिना दिला, तो बहुधा तिच्याकडे बघून.

त्याच दुपारी माती बदलली. आता तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवते आणि सकाळी कामावर जायच्या आधी वेलीला घालते. बागेच्या नळाबद्दल सोसायटीला अर्ज दिला, त्याची पोच घेतली. कात्री आणली. वहीत या सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा आहेत.

आई रोज सकाळी जाईपाशी जाते. पिवळी पानं अजून पुष्कळ आहेत, तिला तेवढंच काम पुरतं. परत येताना विचारते, "आज कापणार आहेस का?"

"रविवारी," मी सांगते.

असे तीन रविवार गेले. जितका उशीर तितकी वेल जगायची आशा कमी, हे काकूंनी मला दोनदा ऐकवलंय. पण एकदा कापली की कित्येक महिने तिथे खुडायला काहीच उरणार नाही, आणि तोवर आईला दारापर्यंत तरी नेईल असं दुसरं काही मला सुचलेलं नाही. कुंडीतली तुळस, समोरचा बाक, शेजारच्या आजी, सगळं लिहून खोडलं. कात्री अजून पाकिटात आहे. छाटणी बाकी.