किल्ली ऑफिसात मिळेल

मुलगी नववीत होती तेव्हाची गोष्ट. दिवाळीनंतर तिची पाण्याची बाटली भरलेलीच घरी यायला लागली. सकाळी मी गळ्यापर्यंत भरून द्यायचे आणि संध्याकाळी तेवढीच परत. ते पाणी मी गॅलरीतल्या गवती चहाला घालायचे आणि तिला चार शब्द सुनवायचे. ती म्हणायची, थंडी आहे, तहानच लागत नाही. नाशिकची थंडी असतेच तशी, म्हणून मी विश्वास ठेवला. गवती चहा मात्र त्या वर्षी असा माजला की शेजारणी मागून न्यायच्या.

जानेवारीत तिला ताप आला, पोटात दुखायला लागलं, लघवीला जळजळ. डॉक्टरबाईंनी मला बाजूला बसवलं आणि तिलाच विचारलं, शाळेत बाथरूमला जातेस का? त्यावर ती रडायला लागली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलींच्या स्वच्छतागृहात कुणीतरी भिंतीवर एका सरांबद्दल काहीबाही लिहिलं होतं. तेव्हापासून शाळेने दाराला कुलूप लावलं होतं. मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं उघडं, तेव्हा अख्ख्या शाळेच्या मुली रांगेत. एरवी दारावर कागद: 'किल्ली ऑफिसात मिळेल'. ऑफिसात क्लार्क बसलेला, त्याच्यापुढे एक वही. वहीत नाव, वर्ग, वेळ आणि शेवटचा रकाना कारणाचा.

चौदा वर्षांच्या मुलीने पुरुषासमोर उभं राहून वहीत कारण लिहायचं. हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पाळीच्या दिवसांत निम्म्या मुली शाळेतच जात नाहीत, असंही ती म्हणाली, आणि ते इतक्या सहज म्हणाली की मला जास्तच राग आला.

मी स्वतः एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसते. आलेला अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, पोच द्यायची हे माझं काम. अर्ज कसा जिरवतात हे मला कुणी शिकवायला नको. तरीही मी शाळेवर भाबडेपणाने भरवसा ठेवला. नवरा म्हणाला होता, हात दाखवून अवलक्षण कशाला, दीड वर्षाचा प्रश्न आहे. मी ऐकलं नाही.

शाळेचा नियम असा, की पालकांनी काय सांगायचं ते मुलाच्या डायरीत लिहून पाठवायचं. मी सभ्य भाषेत सहा ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी खाली लाल शाईत उत्तर आलं, 'नोंद घेतली.' एवढंच. ते लिहिण्याआधी वर्गशिक्षिकेने माझ्या सहा ओळी वर्गात मोठ्याने वाचल्या होत्या. मुलं हसली. मुलीने घरी आल्यावर दप्तर कोपऱ्यात फेकलं आणि जेवली नाही.

मग मी अर्धा दिवस रजा टाकून, रीतसर अर्ज टाइप करून गेले. क्लार्कने अर्ज उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाला, ठेवून जा. मी पोच मागितली. शिक्का साहेबांच्या कपाटात आहे आणि साहेब मीटिंगला गेलेत, असं तो म्हणाला. हे वाक्य मी अठरा वर्षांत किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. त्या माणसाच्या जागी मला क्षणभर मीच दिसले, आणि त्यामुळे तो मला दुप्पट नकोसा झाला. तीन खेपा घातल्या. तिन्ही वेळा शिक्का कपाटात.

तिसऱ्या खेपेला मुख्याध्यापक भेटले. त्यांनी चहा मागवला. गोड बोलणारा माणूस, आणि गोड बोलणाऱ्यांची मला तेव्हापासून भीतीच बसली आहे. स्वच्छतागृह हा शब्दसुद्धा त्यांनी उच्चारला नाही, 'तो विषय' म्हणत राहिले. शिस्तीसाठी करावं लागतं म्हणाले. मग म्हणाले, "मॅडम, सहाशे मुली आहेत आमच्याकडे. तक्रार फक्त तुमचीच आहे. घरी काही ताण वगैरे आहे का तिला?"

मी चहा तसाच टाकून उठले. त्या प्रश्नाची चीड अजून गेलेली नाही.

फेब्रुवारीत पालकसभा झाली. सभेआधी स्कूटर लावायच्या जागेवर दहा-बारा आया उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडात तोच विषय. एकीची मुलगी चक्कर येऊन पडली होती. एकीने तर मुलीला पाण्याची बाटली देणंच बंद केलं होतं. सगळ्या म्हणाल्या, तुम्ही बोला, आम्ही आहोत. हॉलमध्ये बटाटेवडा वाटला, संस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार झाला, आणि पालकांनी 'सकारात्मक सूचना' कराव्यात असं माइकवरून सांगितलं गेलं. मी उठले आणि सगळं सांगितलं. मग विचारलं, अजून कुणाच्या मुलीला त्रास आहे?

बाहेरच्या वाघिणी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. मला त्यांचा शाळेपेक्षाही जास्त राग आला. दहावीच्या तोंडी परीक्षेचे मार्क शाळेच्या हातात असतात, हे मलाही कळत होतं. पण कळलं म्हणून राग थोडाच जातो?

शेवटच्या रांगेतून एक बाई उठली. मखमलाबादकडची, भाजीचा मळा असलेली. ती सभेला सरळ मार्केटमधूनच आली होती.

"माझी पोरगी बी पानी पीत नाय," ती म्हणाली. "लय दिवस झाले. म्या म्हनलं, बिमार हाय का काय. आता कळलं. सर, तुमच्या बाथरूमला हाय का वही?"

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मुख्याध्यापक हसले. म्हणाले, सूचना चांगली आहे, वही आजपासून बंद. टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या, मूर्खासारख्या.

सोमवारी वही खरोखर बंद झाली. किल्ली माझ्या मुलीच्या गळ्यात अडकवण्यात आली. निळ्या नाडीला बांधलेली. आपल्या पालकांना एवढी काळजी आहे तर जबाबदारी आपणच घ्यावी, असं वर्गासमोर सांगून. आता कोणत्याही वर्गातली मुलगी येऊन हिच्या वर्गाच्या दारात उभी राही, आणि हिने तास सोडून उठायचं, कुलूप उघडायचं, बाहेर थांबायचं, परत लावायचं. भिंतीवर नवीन काही लिहिलं गेलं तर जबाब हिचा. चार दिवसांत गणिताचे तीन तास बुडाले. पाचवीच्या मुलीसुद्धा तिला 'किल्लीताई' म्हणायला लागल्या. गाऱ्हाणं मांडणाऱ्यालाच पहारेकरी करायचं, ही युक्ती आमच्या कचेरीतही कुणाला सुचली नव्हती. मी रात्रभर तळमळले. सकाळी तिला म्हणाले, शाळाच बदलू. तिने फक्त डायरी माझ्याकडे मागितली आणि दप्तरात टाकली.

त्या शुक्रवारी ती घरी आली, ती थेट स्वयंपाकघरात. डब्याच्या पिशवीतून तिने एक पितळी कुलूप काढलं आणि ओट्यावर ठेवलं.

"किल्ली कुठे आहे?" मी विचारलं.

"ऑफिसात मिळेल," ती म्हणाली.

तिने दार उघडलं होतं, कुलूप पिशवीत टाकलं होतं आणि किल्ली क्लार्कला नेऊन दिली होती. मला हे काम जमत नाही, असं सांगून. पोरगी वठणीवर आली म्हणून तो खूश झाला. तिने डायरी पुढे केली, म्हणाली, आईने सांगितलंय काही दिलं की सही घ्यायची. त्याने लिहून दिलं: किल्ली मिळाली. खाली सही, तारीख, आणि वर शाळेचा गोल शिक्का. कपाटातला शिक्का एका मिनिटात बाहेर आला होता. मी ते पान दोनदा वाचलं आणि तिला जवळ घेतलं. बाटली रिकामी होती. मी धुवायला घेतली तेव्हा लक्षात आलं.

सोमवारी शाळेचं पत्र आलं. जावक क्रमांक, संदर्भ, विषय, सगळं जागच्या जागी. शाळेच्या मालमत्तेपैकी एक नग कुलूप आपल्या पाल्याकडून गहाळ झाले असून त्याबाबत तात्काळ लेखी खुलासा करावा. माझ्या अर्जाला तोवर पाचवा आठवडा लागला होता.

ते पत्र आणि कुलूप घेऊन मी कचेरीत गेले. कुलूप माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं, ते अजून तिथेच आहे. खणातलं लाल पेन घरी आणलं. पालकांनी काय सांगायचं ते डायरीत लिहावं, असा शाळेचाच नियम. मी डायरी उघडली, त्यांच्या पत्राचा क्रमांक नीट उतरवला आणि खाली लिहिलं, 'नोंद घेतली.'